डोळे मिटल्यानंतरचं काम
भोर-वेल्ह्याच्या गावांत हरिनाम सप्ताह बसला की पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत नाम खंडत नाही. याच पुणे जिल्ह्यात, मुळशीपलीकडे मावळात, एका कॅथलिक धर्मगुरूने उपासनेची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायला शिकवलं. आधी दहा मिनिटं गप्प बसा. काही मागू नका, काही म्हणू नका.

हे धर्मगुरू म्हणजे फादर अँथनी डिमेलो. मुंबईचे, जन्म १९३१चा. १९४७मध्ये ते जेज्विट या कॅथलिक संघात गेले. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात धर्मशास्त्र आणि शिकागोत मानसशास्त्र शिकले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पुण्यात ‘साधना’ संस्था काढली, ती पुढे लोणावळ्याला गेली. १९७८च्या ‘साधना : अ वे टू गॉड’ या पुस्तकातले पाठ विलक्षण साधे आहेत. खांद्यावर कापडाचा स्पर्श जाणवतो का? खुर्चीला टेकलेली पाठ? नाकपुडीतून आत-बाहेर होणारा श्वास? सत्यनारायण गोएंकांच्या विपश्यनेची छाप इथे उघड दिसते. पण पुस्तक तिथे थांबत नाही. पुढे कल्पनेतून येशूच्या आयुष्यातले प्रसंग पाहायचे आणि शेवटी भक्तीकडे वळायचं, असा त्याचा क्रम आहे.

डिमेलो या वाटेवरचे पहिले नव्हेत. त्यांच्याआधी गी दलरी हे फ्रेंच जेज्विट वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला चालत गेले होते; विठ्ठलभक्तीवरचा त्यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६०मध्ये काढला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये इतर धर्मांतलं जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं जाहीर केलं आणि अशा प्रयोगांना बळ मिळालं.

चित्त शांत झालं, पुढे काय? जेज्विट परंपरेत खरी कसोटी इथून सुरू होते. १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला, पुढे जेज्विट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला अंथरुणावर पडून दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा: सरदारकीची आणि संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. पहिल्यानंतर मात्र मन कोरडं पडे, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही. या एवढ्याशा निरीक्षणावर त्याने मनातल्या प्रेरणा पारखण्याचे नियम उभे केले. १५४८मध्ये पोपची मान्यता मिळालेली त्याची ‘आध्यात्मिक साधना’ पूर्ण करायला सुमारे तीस दिवस लागतात. साधक मौनात असतो, दिवसाला चार-पाच वेळा तासभर प्रार्थना करतो आणि मनात काय उठलं ते मार्गदर्शकाला सांगतो. ज्यांना घरदार, नोकरी सोडून येता येत नाही त्यांच्यासाठी रोज दीड तासाची सोयही त्यात आहे. नियमांतला एक तर कुणीही वापरावा असा: मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. दुसरा त्याहून कडक आहे. चांगल्या माणसाला फसवणारा विचार बहुधा चांगल्याच रूपात येतो, म्हणून त्याची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही तपासायचे.

डिमेलो जून १९८७मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. अकरा वर्षांनी त्यांच्या लेखनाचीच पारख करायची वेळ आली. कार्डिनल रात्झिंगर प्रमुख असलेल्या व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने २४ जून १९९८ला निवेदन काढलं. सुरुवातीची पुस्तकं ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहेत, पुढच्या काही लेखनातला देव मात्र निराकार, निव्वळ पोकळीसारखा होतो आणि येशू अनेक गुरूंपैकी एक ठरतो, असा त्याचा आक्षेप होता. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. डिमेलोंच्या छोट्या गोष्टींत सुफी, झेन गुरू आणि ख्रिस्ती संन्यासी एकाच रांगेत बसतात, आणि वाचकांना त्या आवडल्या त्याही त्यामुळेच.

यावर प्रकाशकांनी एक पळवाट काढली. ही पुस्तकं बहुधर्मीय वातावरणात, इतर धर्मीयांसाठी आणि नास्तिकांसाठीही लिहिली आहेत, कॅथलिकांना श्रद्धा शिकवण्यासाठी नव्हेत, अशा आशयाची टीप आवृत्त्यांत छापली जाऊ लागली. गंमत अशी, की ‘साधना’च्या उपशीर्षकातच ‘ख्रिस्ती’ हा शब्द आहे, आणि त्यातले पाठ घडले ते धर्मगुरू आणि धर्मभगिनींच्या शिबिरांत.