वस्तीची गाडी

एसटी स्थानकातली वेळापत्रकाची रंगवलेली पाटी मी खालून वर वाचतो. वरच्या ओळींतली पुणे, मुंबई, कोल्हापूर सगळ्यांना ठाऊक आहेत. खाली, रंग उडालेल्या ओळींत, दिवसाला एखाद-दुसरी फेरी असलेली गावं सापडतात. त्यातही मला हवी असते वस्तीची गाडी. ती संध्याकाळी तालुक्याहून निघते, टोकाच्या गावी मुक्काम करते आणि पहाटे दुधाच्या किटल्या, कोर्टाची तारीख असलेली माणसं आणि कॉलेजची पोरं घेऊन परत येते. चालक-वाहक जिथे रात्र काढतात तिथे पाणी, दिवा आणि बहुधा पहाटेचा चहाही असतो. अनोळखी गावाची एवढी माहिती सुरुवातीला पुरते.

पाटीवर विसंबून मात्र निघायचं नसतं. खरं काय ते चौकशीच्या खिडकीत बसलेल्या वाहतूक नियंत्रकाला माहीत असतं. त्याला ‘फिरायला कुठे जाऊ?’ असं विचारलं की तो महाबळेश्वर सांगून मोकळा होतो. त्याऐवजी विचारावं, ‘संध्याकाळी गेलेली गाडी सकाळी किती वाजता येते?’ मग तो मान वर करतो. शहाद्याच्या खिडकीत मी तोरणमाळची गाडी विचारली, तर आतून प्रश्न आला, ‘यात्रेला का?’ महाशिवरात्रीला तिथे गोरखनाथाची मोठी यात्रा भरते, तेव्हा जादा गाड्या सुटतात. ‘नाही, असंच,’ म्हटलं. ‘असंच कोण जातं!’ असं म्हणत त्याने रजिस्टर ओढलं आणि परतीची गाडी, घाटात पाऊस असला तर काय होतं, वर जेवण कुठे मिळेल, सगळं सांगितलं. सातपुड्यातला सातपायरी घाट चढून गेल्यावर यशवंत तलावाच्या काठी जो गारवा लागतो, त्याचा पत्ता मला असा लागला.

या खिडकीत एक गोष्ट कळली, ती प्रवासाची पुस्तकं सांगत नाहीत. टोकाच्या गावाला जाणाऱ्या कित्येक फेऱ्या शाळेच्या वेळेवर बांधलेल्या असतात. शाळा सुटली की गाडी, शाळा बंद की गाडी बंद. म्हणजे दिवाळीत आणि मे महिन्यात आपल्याला सुट्टी लागते, नेमकी तेव्हाच त्या गावाची फेरी कमी होते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींना गाड्या प्रासंगिक करारावर जातात. आषाढीला आगारा-आगारांतून गाड्या पंढरपूरला वळतात आणि खेड्यांच्या फेऱ्या विरळ होतात. आडवाटेला जायचं तर पंचांगाबरोबर शाळेचं वेळापत्रकही बघावं लागतं.

आता पैशांचं. महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. ऐकायला झकास, पण तो फायद्यात पाडायचा तर बसून राहावं लागतं, तेही गाडीत. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं, त्यामुळे हिशेब सोपा आहे: ठरवलेल्या मार्गाचे टप्पे मोजा, तिकिटांची बेरीज करा आणि पासाची किंमत शेजारी मांडा. कोल्हापूरहून लोणारचं सरोवर, तिथून चिखलदरा, तिथून भामरागड असा राज्य आडवं कापणारा बेत असेल तर पास वसूल होतो. एकाच गावात तीन दिवस पाय पसरायचे असतील तर साधं तिकीट बरं. शिवाय ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं. आमच्याकडे आई फुकट, बायको अर्ध्यात, आणि पासाची चर्चा फक्त माझ्यापुरती उरते. भामरागडला जायचं तर पावसाळा टाळावा. पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटत आलाय, आणि मग पासाचे दिवस वाटेवरच्या आलापल्लीत बसून मोजायचे.

कोकणात नकाशा फसवतो. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात, पण मधे वाशिष्ठीची खाडी. रस्त्याने चिपळूणचा वळसा, फेरीबोटीने काही मिनिटं. बोटीला एसटीचा पास चालत नाही, तरी तिथे खिशातले पैसे खुशाल द्यावेत. बाणकोटच्या खाडीवर बागमांडला-वेसवी बोट तशीच. हरिहरेश्वरला गर्दी करणारे लोक याच बोटीने पलीकडे जाऊन मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचू शकतात. नाना फडणवीसांचं हे गाव. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं आणि पुढे पिल्लं बघायला येणाऱ्यांची गावातल्या घरांतच राहायची सोय झाली.

अशा घरी फोन केला की लोक खोलीचा भाव विचारतात. ‘माणशी किती, जेवण धरून?’ असं विचारावं, कारण घरमालकीण हिशेब ताटांचा करते, पलंगांचा नाही. शनिवार-रविवार टाळला की आवाजातला ताण जातो. घासाघीस मी करत नाही. मंगळवारी येतो म्हटलं की बहुतेकदा ती स्वतःच कमी करते. जून-जुलैत खोल्या आणखी स्वस्त, मात्र तेव्हा यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ताज्या सुरमईची आशा धरून जाऊ नये. आणि वेळासला तर पावसाळ्यात पिल्लंही नसतात. ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घरट्यांतून बाहेर पडतात. बघायला अर्थात गर्दी होते ती शनिवार-रविवारी. पिल्लांना वार कळत नाही, त्यामुळे बुधवारची पहाट तितकीच चांगली.