चंद्राची ऊब आणि समुद्राचा तळ

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ‘विक्रम’ चंद्रावर उतरला, तेव्हा बंगळुरूतील नियंत्रण कक्षात झालेला टाळ्यांचा कडकडाट साऱ्या देशाने ऐकला. त्यानंतर चारच दिवसांनी ‘इस्रो’ने एक साधा आलेख प्रसिद्ध केला. ‘चास्टे’ नावाच्या उपकरणाने चंद्राच्या मातीत जेमतेम दहा सेंटिमीटर खोल शिरून तिचे तापमान मोजले होते. पृष्ठभागावर पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास असलेले तापमान आठ सेंटिमीटर खोलीवर उणे दहापर्यंत उतरत होते. अवतरणाची चित्रफीत आजही पाहिली जाते. त्या आलेखाची चर्चा मात्र दोन दिवसांत विरली.

मातीत तापमापक खुपसून खालची उष्णता जाणून घेण्याची ही विद्या मुळात चंद्राची नव्हे, समुद्राची आहे. चंद्रावर ती प्रथम नेणारा माणूसही समुद्राचाच अभ्यासक होता. मार्कस लँगसेथ हे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट वेधशाळेतील सागरी भूभौतिकशास्त्रज्ञ. समुद्रतळातून वर झिरपणारी उष्णता मोजणे हे त्यांचे काम. हिंदी महासागरातील अशा मोजमापांवर त्यांनी १९६७ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. पुढे ‘अपोलो’ मोहिमांतील उष्णताप्रवाहाच्या प्रयोगाचे ते प्रमुख झाले. १९७१ साली ‘अपोलो १५’च्या अंतराळवीरांचे छिद्रणयंत्र अपेक्षित खोली गाठण्याआधीच अडकले. १९७२ मध्ये ‘अपोलो १६’च्या वेळी जॉन यंग यांचा पाय अडकून उपकरणाची तारच तुटली. त्याच वर्षाअखेरीस ‘अपोलो १७’ने हे काम तडीस नेले. लँगसेथ यांनी सुरुवातीला जाहीर केलेले आकडे बरेच मोठे होते. अनेक वर्षांच्या नोंदी तपासून १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच ते खाली आणले. चंद्राच्या पोटातून बाहेर पडणारी उष्णता पृथ्वीच्या सरासरीच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढी आहे, हे त्यातून कळले.

समुद्रातील मोजणीची रीत सांगायला सोपी आहे. काही मीटर लांबीची, ठरावीक अंतरावर तापमापक बसवलेली पोलादी सळई जहाजावरून दोराने खाली सोडायची. तीन-चार किलोमीटर खाली ती गाळात रुतते. रुतताना घर्षणाने स्वतःच तापते, म्हणून ती निवेपर्यंत काही मिनिटे जहाजाने जागचे हलायचे नाही. खोलीनुसार तापमान किती वाढते आणि तो गाळ उष्णता किती वाहून नेतो, या दोहोंच्या गुणाकारातून उष्णताप्रवाह मिळतो. एका ठिकाणाचा एक आकडा मिळवायला कित्येक तास लागतात आणि त्या एका आकड्याने फारसे काही सिद्ध होत नाही.

आणि तरीही या आकड्यांनी भूविज्ञान उलथवून टाकले. खंडांच्या ग्रॅनाइटमध्ये किरणोत्सर्गी मूलद्रव्ये अधिक, समुद्रतळाच्या बेसाल्टमध्ये कमी; म्हणून समुद्रतळातून उष्णताही पुष्कळ कमी येणार, अशी शास्त्रज्ञांची खात्री होती. रॉजर रेव्हेल आणि आर्थर मॅक्सवेल यांनी प्रशांत महासागरातील पहिली मोजमापे १९५२ साली प्रसिद्ध केली. लवकरच एडवर्ड बुलार्ड यांची अटलांटिकमधील मोजमापेही आली. दोन्हीकडे समुद्रतळाची उष्णता खंडांच्या तोडीची निघाली. म्हणजे ती खडकात जागच्या जागी निर्माण होत नव्हती. खालून तप्त द्रव्य वर येत होते. समुद्रतळ मधोमध उकलतो व दोन्ही बाजूंना सरकतो, या कल्पनेला त्यातून बळ मिळाले.

पुढचे कोडे अधिक विलक्षण होते. जिथे नवा तळ जन्मतो त्या सागरमध्य पर्वतरांगांजवळ उष्णता सर्वाधिक असायला हवी. प्रत्यक्षात तिथले कित्येक आकडे अपेक्षेपेक्षा कमी येत होते. हरवलेली उष्णता जाते कुठे? भेगांतून समुद्राचे पाणी आत शिरते, तापते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते, असे उत्तर पुढे आले. १९७७ मध्ये ‘अल्विन’ या पाणबुडीतून गालापागोसजवळ ते उष्ण झरे डोळ्यांनी दिसले. त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशावाचून जगणारी एक अख्खी जीवसृष्टीही होती. महासागरांतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा अशा पाण्याबरोबर निघून जातो, असे आज मानले जाते.

बंगळुरूच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. हे शहर ज्या धारवाड भूखंडावर वसले आहे, तो देशातील सर्वांत जुन्या व थंड भूभागांपैकी एक. लालबागेतील कातळाचे वय अब्जावधी वर्षांत मोजले जाते. येथील जमिनीतून वर येणारी उष्णता महासागरांच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. शंभर चौरस मीटरच्या अंगणातून निघणाऱ्या उष्णतेवर रात्रीचा एखादा मंद दिवा कसाबसा जळेल. पण ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस समुद्राखाली ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा याच शहरातील माणसे कार्यालयांतून रस्त्यावर आली होती. तो भूकंप भूपट्टाच्या कडेवर नव्हे, तर पोटात झाला होता. हिंदी महासागराचा तळ श्रीलंकेच्या दक्षिणेस दुमडत, मोडत आहे आणि वयाच्या मानाने तो अधिक उष्ण आहे, हे उष्णतेच्या मोजमापांच्या आधारे १९८३ सालीच मांडले गेले होते.

भारताला या ज्ञानाची गरज आणखी दोन कारणांसाठी आहे. पहिले कारण गॅस हायड्रेट, म्हणजे बर्फासारख्या रूपात गाळात गोठलेला मिथेन. तो किती खोलवर टिकेल हे तळाखालील तापमान ठरवते. २००६ च्या राष्ट्रीय मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात त्याचे जाड थर मिळाले. अंदमानच्या समुद्रात तळाखाली उष्णता कमी असल्याने तो फार खोलपर्यंत आढळला. केरळ-कोकण खोऱ्यातील विहिरीत मात्र काहीच हाती लागले नाही.

दुसरे कारण आज अधिक निकडीचे आहे. उष्ण झऱ्यांभोवती तांबे, जस्त, सोने, चांदी यांची सल्फाइडे साचतात. त्यांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी भारताने २०१६ मध्ये एक करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेसाठी दुसरा झाला. दोन्हींचे क्षेत्र प्रत्येकी दहा हजार चौरस किलोमीटर. डिसेंबर २०२४ मध्ये गोवा आणि चेन्नई येथील संस्थांच्या शास्त्रज्ञांनी साडेचार किलोमीटर खोलीवरील एका जिवंत झऱ्याची छायाचित्रे मिळवली, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. २०२१ साली मंजूर झालेल्या, ४०७७ कोटी रुपयांच्या ‘डीप ओशन मिशन’चे ते फळ आहे.

पण झरा सापडणे आणि तो समजणे यांत अंतर आहे. मध्य हिंदी महासागरी रांगेतील कैरेई झऱ्यांजवळ २००१ साली लोहयुक्त खवल्यांची एक गोगलगाय सापडली. जगात ती अशा मोजक्याच झऱ्यांपाशी राहते. २०१९ मध्ये ती संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आली, आणि त्याचे कारण होते संभाव्य खाणकाम. विझलेल्या झऱ्याजवळची सल्फाइडे काढणे आणि जिवंत झरा उकरणे या नैतिकदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत. पण झरा खरोखर विझला आहे की काही काळ निपचित पडला आहे, हे एका छायाचित्रावरून ठरत नाही. त्यासाठी तळाखालची उष्णता अनेक ठिकाणी, अनेक वर्षे मोजावी लागते. शोधाचा करार पंधरा वर्षांचा असतो, तो या मोजणीसाठीच वापरायला हवा. तीसहून अधिक देश खोल समुद्रातील खाणकाम तूर्त थांबवा म्हणत असताना, सल्फाइडांचे दोन करार हाती असलेल्या देशावर तर ही जबाबदारी अधिकच येते.

आपल्याकडे पाया नाही असे नव्हे. १९६० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील उष्णतेचा अभ्यास हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्याच दशकात केला होता. कमतरता आहे ती चिकाटीला मिळणाऱ्या राजाश्रयाची. माणसाला सहा किलोमीटर खोल नेणाऱ्या ‘मत्स्य ६०००’साठी निधी मिळतो, बातमीही होते, गाळात सळई रोवून जहाजावर ताटकळत बसणाऱ्या संशोधकाला दोन्ही मिळणे कठीण.

म्हणून मागणी माफक आहे. या करारांखाली निघणाऱ्या प्रत्येक मोहिमेत उष्णतेचे मोजमाप अनिवार्य करावे. त्याचे आकडे देशातील विद्यापीठांना खुले असावेत. आणि जो झरा जिवंत आहे, त्याला हात लावणार नाही, असे सरकारने आजच लेखी सांगावे. खनिजे कोट्यवधी वर्षे तिथेच राहणार आहेत. ती काढायची की नाही, हे ठरवण्याआधी त्यांच्याखाली काय धगधगते आहे, हे जाणून घेण्याइतका वेळ आपल्यापाशी नक्कीच आहे.