इंग्रजी लेखणीतला संताप

इंग्रजीत संतापाला शब्द पुष्कळ आहेत. परंतु ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत चालतील, अशा समजुतीने जो लिहावयास बसेल त्याचा मजकूर व्याकरणशुद्ध असूनही परका वाटेल, कारण त्यांतील प्रत्येकाचा हुद्दा आणि अंमल त्या भाषेच्या लेखनपरंपरेने केव्हाच ठरवून टाकला आहे. 'रॅथ' हा शब्द १६११ च्या बायबलच्या भाषांतरात परमेश्वराच्या कोपासाठी वारंवार योजला गेला, आणि त्या सहवासाने त्याला दंडाधिकाराचे असे वजन आले की दुकानदाराशी हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाच्या रागाला तो शोभत नाही. उलट स्टाइनबेकने १९३९ साली, ओक्लाहोमातून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांवरील कादंबरीच्या शीर्षकात तो घेतला, तेव्हा त्या निर्धनांचा रोष न्यायासनावर जाऊन बसला. 'रेज'चे मूळ लॅटिनमधील 'राबीस'. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचे नावही तेच, म्हणून त्यात विवेक सुटल्याची खूण असते. 'इंडिग्नेशन'मध्ये मात्र अन्यायाची फिर्याद गृहीत धरलेली असते. 'फ्युरी'ची अवस्था पाहून वाईट वाटते: रोमन सूडदेवतांशी नाते सांगणारा हा शब्द आखूड असल्यामुळे ब्रिटिश वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी इतका राबविला की मोटारी उभ्या करण्याचे शुल्क वाढले तरी तो छापून येतो.

पण इंग्रजी गद्यातील पराकोटीचा संताप पाहावयाचा असेल, तर यांपैकी एकही शब्द नसलेला एक कागद वाचावा. सॅम्युअल जॉन्सनने आपल्या नियोजित शब्दकोशाची योजना १७४७ साली लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून प्रसिद्ध केली. पुढे कित्येक वर्षे या उमरावाने त्याची वास्तपुस्त केली नाही, आणि कोश पुरा होत आल्यावर मात्र त्याच्या स्तुतीपर लेख लिहिले. ७ फेब्रुवारी १७५५ च्या पत्रात जॉन्सन अदबीने विचारतो की, माणूस पाण्यात गटांगळ्या खात असता जो स्वस्थ पाहत राहतो आणि तो काठाला लागल्यावर मदतीची अडचण करतो, त्यालाच आश्रयदाता म्हणतात काय? शेवटी नम्र आज्ञाधारक सेवकाचा रिवाजी मायनाही त्याने सोडलेला नाही. चेस्टरफील्डने हे पत्र लपविले नाही. ते त्याच्या मेजावर कोणीही पाहावे असे पडलेले असे, आणि त्यातील सर्वांत जिव्हारी लागणारी वाक्ये किती उत्तम साधली आहेत हे तो स्वतःच दाखवीत असे.