जुना मिनी ट्रॅक्टर घेताय? युवराज, स्वराज की शक्ती, आधी हे बघा!

रोवणी जवळ आली की मोबाईलवर जुन्या मिनी ट्रॅक्टरच्या जाहिराती दिसायला लागतात. फोटो चकाचक, खाली लिहिलेलं ‘एक नंबर कंडिशन’. गोंदिया शहराजवळचं नागरा घ्या. धानाचा भाग, लहान बांध्या, मध्ये धुरे. मोठा ट्रॅक्टर वळवायलाच जागा पुरत नाही. मग घरचे म्हणतात, “मोबाईलवर बघून सांग, कोणता घ्यायचा?” तेव्हा फक्त एचपी बघून उत्तर देऊ नका.

इंजिन कोणाचं कसं?

महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे दोन्ही १५ एचपीचे, एक सिलिंडरवाले. थरथर जास्त, पण इंजिन साधं आणि दुरुस्तीचा खर्च कमी. २००७ मध्ये महिंद्राने स्वराज बनवणारी कंपनी विकत घेतली, म्हणजे आज दोन्ही ब्रँड एकाच घरचे. व्हीएसटी शक्ती एमटी १८०डी मध्ये १८.५ एचपी आणि तीन सिलिंडर. चालतो मऊ, पण इंजिन उघडायची वेळ आली तर पार्ट जास्त लागतात.

खरी गंमत मागच्या बाजूला

एचपी शक्तीचा जास्त, मात्र उचलायची ताकद सुमारे ५०० किलो. युवराज आणि स्वराजची सुमारे ७८० किलो. म्हणून रोटाव्हेटर आधीच घरी असेल तर त्याचं वजन आणि रुंदी विचारा. या ट्रॅक्टरांना साधारण तीन फुटी रोटाव्हेटर झेपतो. शेजाऱ्याचा पाच फुटी जोडला तर इंजिन दम टाकेल. लिंकेजच्या पिना बसतात का, तेही जोडूनच बघा.

चिखलणीत चाललेली गाडी कशी ओळखायची?

१. गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचं तेल बघा. ते दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय, म्हणजे सील खराब.
२. रोटाव्हेटर जोडून पीटीओ चालू करा. कडकड आवाज आला तर थांबा.
३. जड अवजार उचलून इंजिन बंद करा. ते लगेच खाली बसलं तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे.
४. केज व्हील सोबत मिळतात का, विचारा. चिखलात चाक घसरू नये म्हणून ते लागतातच.

मोबाईलचा खरा उपयोग

एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून आरसी तपासा. कर्जाचा बोजा दिसला तर बँकेची एनओसी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग घ्यायचा कोणता?

ज्याचा मेकॅनिक आणि पार्ट गोंदियात त्याच दिवशी मिळेल, तो! पऱ्हे तयार आहेत, बांधीत पाणी आहे आणि ट्रॅक्टर आठ दिवस उभा, असं झालं तर स्वस्तात घेतलेली गाडी त्याच हंगामात महाग पडते. म्हणून जाहिरातवाल्याच्या आधी मेकॅनिकला फोन लावा.

माहिती कामाची वाटली तर गावच्या ग्रुपवर नक्की शेअर करा!