तारपा दिसतो, पण ऐकू येत नाही

वारली चित्रकलेमुळे तारपा आज महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला आहे. पांढऱ्या रेषांनी काढलेला तो वादक आणि त्याच्याभोवती वळत गेलेली नर्तकांची साखळी कचेऱ्यांच्या भिंतींवर, पिशव्यांवर, शुभेच्छापत्रांवर दिसते. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या चित्राच्या प्रतिष्ठेवर शिक्कामोर्तब झाले. परंतु त्या चित्रातला सूर आपल्यापैकी किती जणांनी ऐकला आहे? चित्र जगभर गेले आणि आवाज मात्र जव्हार-मोखाड्याच्या परिसरातच राहिला, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांतून हे वाद्य सिद्ध होते. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो, त्यामुळे सूर अखंड वाहतो. भाताचे पीक हाती येण्याच्या दिवसांत रात्रभर नाच चालतो. वादक मध्यभागी, नर्तक एकमेकांना धरून त्याच्याभोवती. त्याने सूर बदलला की पावले बदलतात. येथे श्रोता असा वेगळा कोणी नसतो. अंगण, अंधार आणि ते फिरते वर्तुळ यांच्यावाचून हे संगीत अपुरेच राहते. मोखाड्याच्या बोहाड्यातही हेच आढळते. देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे रात्री नाचत निघतात, तेव्हा गावाचा रस्ता हाच रंगमंच होतो.

जागा हाही संगीताचाच घटक आहे, हा विचार पाश्चात्त्य प्रयोगशील संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिरिरीने मांडला. झेनाकिस यांनी १९७१ साली इराणमधील पर्सेपोलिसच्या भग्नावशेषांत ध्वनी आणि प्रकाश यांचा प्रयोग केला. अमेरिकेत पॉलिन ऑलिव्हेरॉस आणि त्यांचे सहकारी १९८८ साली एका जुन्या लष्करी ठाण्याच्या भूमिगत टाक्यात उतरले. तेथे एकच सूर सुमारे ४५ सेकंद घुमत राहतो. वाजवण्याइतकेच थांबून ऐकणेही त्यांना तेथे भाग पडले. या प्रयोगांचे कौतुक जरूर करावे. पण ज्यांनी जागेला कधी संगीतापासून वेगळे केलेच नाही, अशी माणसे आपल्याच जिल्ह्यात आहेत, याचे भान असू द्यावे.

ते भान नसल्यामुळे काय होते, हे समारंभांतून दिसते. पाहुण्यांच्या स्वागताला तारपा मंचावर आणला जातो. वेळ पाच-दहा मिनिटांचा, समोर ध्वनिक्षेपक, आणि नर्तक प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत! वर्तुळ मोडले की तारप्याचा प्राणच गेला. मग उरते ती केवळ शोभा.

जव्हारला एक वेगळा प्रयोग सहज करता येईल. मुकणे घराण्याचा जयविलास राजवाडा तेथे उभा आहे. हे घराणे महादेव कोळी, म्हणजे याच मातीतले; त्यांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. मालकांच्या संमतीने त्या राजवाड्याच्या प्रांगणात, ध्वनिक्षेपकाविना, वर्तुळाभोवती श्रोत्यांना जमिनीवर बसवून तारपा का ऐकू नये? भिंतींवरून परतणारा सूर कसा उमटतो, हे वादकांनाही नवे असेल.

यावर आक्षेप येईल की, शेताच्या खळ्यावरचे संगीत राजवाड्यात नेणे म्हणजे त्याची पुन्हा करमणूकच करणे होय. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच वेळ, मांडणी आणि मानधन ठरवण्याचा अधिकार वादकांकडे हवा. तो त्यांच्याकडे असेल तरच याला प्रयोग म्हणावे. एरवी तो आणखी एक समारंभ ठरेल.

जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्राला जो मान मिळाला, तो सुरालाही मिळाला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु सन्मान माणसाचा होतो, विद्या मात्र शिष्याकडे जावी लागते. तारपा वाजवणे आणि तो घडवणे या दोन्ही गोष्टी आश्रमशाळांतील मुलांना जाणत्या वादकांकडून, रीतसर मानधन देऊन शिकवल्या गेल्या पाहिजेत. तसे झाले नाही, तर भिंतीवरचा वादक तारपा फुंकताना दिसत राहील आणि त्याचा सूर सांगणारा कोणी उरणार नाही.