विश्लेषण : मिरचीची बिअर थंडगार, मग तोंडात आग का?

पहिल्या घोटाला फारसे काही होत नाही. ग्लास नाकाजवळ नेला की नुकत्याच चिरलेल्या हिरव्या मिरचीचा वास येतो, जिभेला माल्टचा हलका गोडवा लागतो. घोट घशाखाली उतरला की मग तिखट वर येते आणि बराच वेळ हटत नाही. अमेरिकेतील छोट्या ब्रुअरींनी रुजवलेल्या ‘चिली बिअर’ची ही खासियत आहे.

ही बिअर आली कुठून?

या प्रकाराचा बोलबाला झाला तो ॲरिझोनातील केव्ह क्रीक या गावातून. तिथल्या ब्लॅक माउंटन ब्रुअरीने १९९०च्या दशकात साध्या फिकट बिअरच्या प्रत्येक बाटलीत एक अख्खी सेरानो मिरची घातली. बाटली लक्षात राहिली, पण चवीवर टीकाही भरपूर झाली. पुढच्या ब्रुअरींनी मिरची बाटलीत न ठेवता टाकीतच वापरली. कोलोरॅडोतील ट्विस्टेड पाइनने तर ईशान्य भारतातील भूत जोलोकिया वापरून बिअर केली. याच मिरचीला २००७ मध्ये गिनीजने जगातील सर्वात तिखट ठरवले होते.

गार पेयाने आग का विझत नाही?

आपल्याकडे षड्रसांत तिखटाला मान आहे, विज्ञान मात्र त्याला चव मानत नाही. मिरचीतील कॅप्सायसिन तोंडातील चेतातंतूंवरच्या ‘टीआरपीव्ही१’ या ग्राहीला चिकटते. ही ग्राही खरे तर सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढची उष्णता ओळखण्यासाठी असते. म्हणजे तोंड भाजले नसतानाही मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. ती शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले.

गार घोट तोंडात असेपर्यंत ही ग्राही शांत राहते. तोंड पुन्हा कोमट झाले की आग परतते. शिवाय अल्कोहोल याच ग्राहीला आणखी हळवी करते आणि बिअरमधील वायूची चुणचुण वेगळीच. कॅप्सायसिन अल्कोहोलमध्ये चांगले विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये मात्र बहुतांश पाणीच असते. त्यामुळे तिखट धुऊन काढण्यासाठी घेतलेला दुसरा घोट नवे तिखट घेऊनच येतो.

ब्रूअरची कसोटी कशात?

बिअर तिखट करणे सोपे आहे, मिरचीचा स्वाद टिकवणे अवघड. बिया आणि आतली पांढरी शीर काढली की तिखटपणा बराच उतरतो, कारण कॅप्सायसिन त्या शिरेतच तयार होते. मिरची उकळत्या काढ्यात घातली तर ताजा वास उडून जातो. म्हणून अनेक जण ती आंबवण संपल्यावर घालतात, रोज चाखून पाहतात आणि वेळीच काढून घेतात. मिरचीतील तेलाने फेसही बसतो.

मिरचीची जातही बिअर पाहून निवडावी लागते. धुरावलेली चिपोत्ले काळ्या, भाजक्या माल्टच्या बिअरला शोभते. सॅन दिएगोच्या बॅलास्ट पॉइंटने फळांचा गंध असलेली हॅबनेरो संत्र्या-आंब्याच्या वासाच्या हॉप्सबरोबर वापरली, ती जोडी जमली. हॉप्सचा कडूपणा जास्त झाला तर मात्र आग अधिकच बोचते. नुसत्या तिखटाची पैज लावणाऱ्या बिअर बाटलीवरच्या नावामुळे खपतात, दुसऱ्यांदा क्वचितच मागवल्या जातात.

चव कशी पाहतात?

डेन्व्हरच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलच्या स्पर्धेत चिली बिअरला स्वतंत्र गट मिळाला आहे. तिथे मिरची आणि मूळ बिअर यांचा मेळ पाहिला जातो. घरी चाखणाऱ्यानेही आधी वास घ्यावा, छोटा घोट घ्यावा आणि पुढच्या घोटाआधी मिनिटभर थांबावे. अनेक बिअर चाखायच्या असतील तर ही सर्वात शेवटी, कारण तिच्यानंतर हलक्या बिअरची चव कळत नाही. आग असह्य झाली तर पाणी पिऊन उपयोग नाही. गार दूध घ्यावे, त्यातील केसीन कॅप्सायसिन धरून नेते.