मिश्र सेरेब्रल पाल्सी: एकाच शरीरात दोन अडचणी

बिघाड स्नायूंत नाही

सेरेब्रल पाल्सीत मूळ इजा असते ती मेंदूला, आणि तीही जन्माआधी, जन्मताना किंवा बालपणीच्या पहिल्या काही वर्षांत झालेली. ही इजा पुढे वाढत नाही. मूल वाढते तसे तिचे शरीरावरचे परिणाम मात्र बदलत जातात.

हालचालींचा आदेश वाहून नेणारे मेंदूतले मार्ग दुखावले तर स्नायू ताठरतात. मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँगलियाला इजा झाली तर हात, मान, चेहरा आपोआप वळू लागतात. याला डिस्टोनिया म्हणतात. लहान मेंदू दुखावला तर तोल जातो. एकाहून अधिक भागांना इजा झाली की प्रकार मिश्र होतो. त्यात ताठरपणा आणि डिस्टोनिया ही जोडी सर्वाधिक दिसते. नवजात बाळाची कावीळ प्रमाणाबाहेर चढली तरी बेसल गँगलियाला इजा होते. म्हणून ‘कोवळ्या उन्हात धरलं की उतरेल’ असे म्हणत थांबणे धोक्याचे आहे.

कोणता त्रास कधी दिसतो

ताठर पाय झटकन हलवला की अडतो, सावकाश हलवला तर बराच सुटतो. डिस्टोनियाचे तसे नाही. मूल वाटी घ्यायला हात पुढे करते आणि नेमके तेव्हाच मनगट मुडपते, मान फिरते, तोंड उघडते. आनंद, भीती, दुखणे, बद्धकोष्ठतासुद्धा तो वाढवते. झोपेत तो बहुधा शमतो. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत हे सगळे दिसेलच असे नाही. घरी जेवताना, खेळताना, झोपेत काढलेले मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ डॉक्टरांना जरूर दाखवावेत.

उपचार

दोन त्रासांतला कोणता मुलाला जास्त अडवतो, हे आधी ठरवावे लागते. बोटॉक्सचे इंजेक्शन ठरावीक स्नायू साधारण तीन महिने सैल ठेवते. बॅक्लोफेन या औषधाने ताठरपणा कमी होतो. कण्यातल्या मज्जातंतूंची निवडक मुळे कापण्याची शस्त्रक्रिया ताठरपणावर चालते. पण डिस्टोनिया ठळक असेल तर ती सहसा टाळतात. फिजिओथेरपी, स्प्लिंट आणि नीट बसवणारी खुर्ची यांची गरज बहुतेकांना लागतेच. खुब्याचा सांधा हळूहळू निसटू शकतो, म्हणून वेळोवेळी एक्स-रे काढावा.

बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे नव्हे

जीभ, ओठ, घसा यांनाही स्नायूच हलवतात. त्यामुळे शब्द अस्पष्ट येतात, लाळ गळते, आणि लोक मुलाच्या बुद्धीवर शिक्का मारतात. हा अन्याय मला सर्वांत जास्त खुपतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांनी लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टाइप करून ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली.

काही मुलांना बौद्धिक अडचणही असते. ती तपासून ठरवावी, चेहऱ्यावरून नव्हे. हात साथ देत नसेल तर नजरेने निवडायचा चित्रफलक लवकर द्यावा. त्याने बोलणे मागे पडेल ही भीती निराधार आहे.